उंदरांचे चार गट

आमच्या खात्याच्या डॉक्टरांना फार शब्द लागत नाहीत. माझ्या रक्ताचा रिपोर्ट त्यांनी एकदा खिडकीच्या उजेडात धरला, एकदा दिव्याखाली धरला आणि म्हणाले, "लिव्हर सुजलंय. दारू बंद करा. पुन्हा तपासू." बस्स. एवढं बोलण्यासाठी हा माणूस ऐन तारुण्याची वर्षं कॉलेजात घालवून बसला! दारू म्हणजे काय नळ आहे, बंद करा म्हटलं की बंद करायला?

"औषध वगैरे?" मी विचारलं.

"हेच औषध," ते म्हणाले आणि पुढच्याला हाक मारली.

आता हे प्रकरण माझ्या लिव्हरपुरतं असतं तर मी लिव्हरला समजावून सांगितलं असतं. पण मी वजनमापे खात्यात निरीक्षक. दुकानदारांचे तराजू, मापं, लिटरची भांडी तपासून त्यावर शिक्का मारणं हे माझं काम. मुख्य निरीक्षकाची जागा रिकामी झाली होती आणि ती माझीच होती, फक्त मध्ये डॉक्टरांचं प्रकृती ठीक असल्याचं सर्टिफिकेट होतं. ते मिळालं नाही तर ती जागा जाणार होती आमच्या ज्युनिअरला. तराजूची दांडी कुठे धरायची हे ज्याला मी हात धरून शिकवलं, त्याच्या केबिनच्या दारावर टकटक करून मी 'आत येऊ का?' विचारायचं. या विचाराने माझं जे काही सुजायचं राहिलं होतं तेही सुजलं.

घरी आल्यावर सौभाग्यवतींना सगळं सांगितलं. तिने भाजी निवडता निवडता ऐकलं.

"मग सोडा ना," ती म्हणाली.

बघा! डॉक्टरांचं आणि बायकोचं एकमत व्हायला पाच मिनिटंही लागत नाहीत. मी तिला शांतपणे समजावलं की मी दारू पितो असं म्हणणं हाच मुळात भाषेचा दुरुपयोग आहे. मी शनिवारी संध्याकाळी बाल्कनीत शेजारच्या विमावाल्यांबरोबर बसतो. बसतो, हे क्रियापद महत्त्वाचं. बसताना हातात काहीतरी असतं, इतकंच. आणि तेही खात्याने शिक्का मारलेल्या मापाने मोजून घेतलेलं असतं. या शहरात इतक्या बिनचूक मापाने पिणारा दुसरा माणूस दाखवावा.

"लिव्हरला शिक्का दिसतो का?" तिने विचारलं. काही लोकांशी शास्त्रीय चर्चा होऊच शकत नाही.

शास्त्रीय चर्चा झाली ती तिच्या दादाशी, म्हणजे आमच्या मेहुण्यांशी. हे गृहस्थ आयुष्यात दारूला शिवलेले नाहीत आणि त्याचा त्रास इतरांना कायम होतो. पहाटे उठणं, गरम पाणी पिणं, लोकांच्या ताटाकडे बघून मान हलवणं हे त्यांचे छंद. माझी बातमी त्यांना कळताच त्यांनी फोनवर एक लेख पाठवला. दारूमुळे होणाऱ्या इजेपासून यकृताचं संरक्षण करणारी वनस्पतिजन्य संयुगं! लेखात ओळीने नावं होती. सिलिमरिन, करक्युमिन, क्वेर्सेटिन. वाचताना जीभ अडखळत होती, पण मन कसं हलकं होत होतं. जांभळ्या फुलाचं एक काटेरी झाड असतं, त्याच्या बियांमध्ये असं काहीतरी असतं, ते उंदरांना दिलं, आणि दारू पाजूनही त्या उंदरांची लिव्हर बरीचशी शाबूत राहिली. लेखाच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं की माणसांच्या बाबतीत अजून खात्रीने काही सांगता येत नाही. शास्त्रज्ञ मंडळी फार विनयशील असतात.

मेहुण्यांना म्हणायचं होतं, 'दारू सोडा आणि हे घ्या.' मी लेख नीट वाचला होता. त्यातल्या एकाही उंदराला दारू सोडायला सांगितलेली नव्हती. संरक्षण करायचं तर आधी हल्ला नको का? चोर नसतील त्या गल्लीत गुरखा ठेवून काय करायचं?

रविवारी मी नर्सरीत गेलो. नर्सरीवाल्याला फोनवरचा फोटो दाखवला. त्याने तो ओल्या बोटांनी मोठा केला, लहान केला आणि म्हणाला, "आहे ना. लिव्हरचंच झाड हे." आणि त्याने गुळगुळीत, तुकतुकीत पानांची काही झुडपं पुढे आणून ठेवली.

"फोटोत तर काटे आहेत," मी म्हणालो. तपासणी हा माझा धंदा आहे, मला कोण फसवणार?

"ही बिनकाट्याची जात आहे साहेब. नवीन निघालीय. काटेवाली जुनी झाली."

"आणि जांभळी फुलं?"

"फुलात ताकद गेली तर पानात काय राहणार? म्हणून याला फुलंच येऊ देत नाहीत."

माणूस अनुभवी वाटला. मी सगळी झुडपं घेतली.

कुंड्या बाल्कनीत मावेनात म्हणून काही जिन्याजवळ ठेवल्या. तासाभरात सोसायटीचे सेक्रेटरी हजर. सामाईक जागेत कुंडी ठेवायला अर्ज लागतो. अर्जात झाड शोभेचं आहे की औषधी हे लिहावं लागतं. शोभेचं असेल तर एका बाजूलाच ठेवता येतं, औषधी असेल तर कमिटीपुढे जावं लागतं, कारण मागे कोणाच्या तरी औषधी झाडाची पानं कोणीतरी तोडली होती आणि दोघांचा अबोला अजून चालू आहे. मी 'औषधी' लिहिलं. सेक्रेटरींनी विचारलं, "कशाचं औषध?"

आता काय सांगणार? "पोटाचं," मी म्हणालो.

हा शब्द माझ्या तोंडून निघाला आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला माझं पोट पाठ झालं. तळमजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी जेवल्यावर डाव्या कुशीवर झोपायला सांगितलं. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी उजव्या. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी माझ्या पोटाकडे अशा नजरेने पाहिलं की त्या सल्ला देतायत की माप घेतायत हे कळेना. मी जिना चढायचो तेव्हा दारं किलकिली व्हायची. आयुष्यभर मी दुसऱ्यांची मापं तपासली, आता सगळी इमारत माझं तपासायला बसली होती.

पानांचा रस मी स्वतः काढला. मूठभर पानं, थोडं पाणी, मिक्सर. रंग हिरवा यायला हवा होता, तो का कोण जाणे पण काळपट आला. चवीबद्दल इतकंच सांगतो की पहिल्या घोटानंतर मला माझ्या सगळ्या चुका आठवल्या. पण औषध म्हटल्यावर कडू असणारच. आणि त्यावर घेतलेला पेग असा काही गोड लागला, की या वनस्पतीचा एक गुण तरी मला तिथल्या तिथे सिद्ध झाला.

एवढ्यावर थांबलो असतो तर मी सामान्य रुग्ण ठरलो असतो. पण वजनमापे खात्याचा माणूस कुठलीही गोष्ट तुलना केल्याशिवाय मान्य करत नाही. एक किलो खरंच एक किलो आहे का, हे दुसऱ्या पारड्यात प्रमाण वजन ठेवल्याशिवाय कळतं का? लेखातही तेच होतं. उंदरांचे चार गट केलेले होते. पहिल्याला काहीच नाही. दुसऱ्याला फक्त दारू. तिसऱ्याला दारू आणि वनस्पती. चौथ्याला फक्त वनस्पती. म्हटलं, उंदीर आपल्याकडेही आहेतच.

शनिवारी मी सगळ्यांना बाल्कनीत जमवलं आणि गट जाहीर केले. मेहुणे साहजिकच फक्त वनस्पती. त्यांना भरून आलं. "मी दोन वेळा घेईन," ते म्हणाले. "तीन वेळासुद्धा." मी स्वतः दारू आणि वनस्पती, कारण जबाबदारीची जागा प्रमुखानेच घ्यायची असते.

"आणि मी?" सौभाग्यवतींनी विचारलं.

"तू पहिला गट. तुला काहीच नाही."

"लग्न झाल्यापासून त्याच गटात आहे मी," ती म्हणाली आणि आत गेली.

राहिला फक्त दारूचा गट. मी विमावाल्यांकडे पाहिलं. हे माझे शेजारी आणि एकमेव मित्र. हयातभर लोकांना विमा विकून निवृत्त झालेले. समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघून हा किती वर्षं जगेल याचा मनातल्या मनात हिशेब करण्याची त्यांना सवय होती आणि तो हिशेब ते कधी सांगत नसत, फक्त उसासा टाकत.

"म्हणजे मला औषध नाही?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला दिलं तर तुलना कशाशी करू?"

"आणि त्या लेखातल्या दुसऱ्या गटातल्या उंदरांचं पुढे काय झालं?"

"शेवटी लिव्हर कापून बघितली त्यांची. खराब निघाली. म्हणून तर प्रयोग सिद्ध झाला!"

विमावाल्यांनी ग्लासकडे पाहिलं आणि उसासा टाकला. हा उसासा मी त्यांच्या तोंडून दुसऱ्यांसाठी अनेकदा ऐकला होता. "विज्ञानासाठी," मी ग्लास उंचावून म्हणालो. "बघू," ते म्हणाले.

प्रयोग सुरू झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आठवड्यातून एक शनिवार हा नमुना फारच तुटपुंजा आहे. उंदरांना काय फक्त शनिवारी देत होते? म्हणून बुधवार वाढवला. बुधवारचा परिणाम शनिवारपर्यंत टिकतो का हे बघायला सोमवार घ्यावा लागला. मापही थोडं वाढवलं, कारण हल्ला जोरदार असल्याशिवाय बचाव कळत नाही. माझी ही निष्ठा घरात कोणाला दिसली नाही. सौभाग्यवती जेवायला वाढून झाकून ठेवायची आणि तिच्या खोलीत जाऊन शिवणाचं मशिन चालवायची. मशिन जरा जास्तच जोरात चालवते असं मला वाटायचं.

विमावाले मात्र एकही दिवस चुकले नाहीत. ठरल्या वेळी यायचे, कोपऱ्यातल्या त्यांच्या खुर्चीवर बसायचे, आणि त्यांचा ग्लास माझ्याआधी रिकामा व्हायचा. त्यांचा तो उत्साह पाहून मला थोडं वाईटही वाटायचं. बिचारा मित्र विज्ञानापायी लिव्हर गमावत होता आणि वर मला शेंगदाणे सोलून देत होता. मी बोलायचो, ते ऐकायचे. ज्युनिअर किती नालायक आहे, साहेबांना माणसांची कशी पारख नाही, मुख्य निरीक्षक झाल्यावर मी कोणाकोणाला सरळ करणार आहे. इतकं समजून घेणारा श्रोता पिणाऱ्यांमध्ये क्वचितच मिळतो.

दुःखाची बाजू एकच. झुडपं वाळू लागली. त्यातही विमावाल्यांच्या खुर्चीजवळच्या कुंड्या आधी गेल्या. पानं पिवळी पडली, मग तपकिरी, मग गळाली. पोस्टमास्तर म्हणाले पाणी जास्त होतंय. शिक्षिकाबाई म्हणाल्या कमी होतंय. सेक्रेटरींनी औषधी झाड मेल्यास कुंडी कोणाच्या खर्चाने हलवायची असा नवाच मुद्दा काढला. मी जिन्याजवळच्या कुंड्यांवर भागवायला लागलो. मेहुण्यांचा वाटा त्यातूनच जात होता आणि ते खरोखरच तीन वेळा घेत होते. त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकारची कांती आली होती. पिवळसर होती, पण कांतीच.

तपासणीचा दिवस आला. लॅबवाल्याने चार माणसं पाहून विचारलं, "एका कुटुंबातली?"

"एका प्रयोगातली," मी म्हणालो.

त्याच्या मशिनमध्ये प्रयोग हे नातं नव्हतं. शेवटी विमावाले माझे थोरले भाऊ झाले, कारण सवलत कुटुंबाला होती. रक्त देताना विमावाले इतके प्रसन्न दिसत होते की मला त्यांच्या अज्ञानाची कीव आली.

रिपोर्ट आले. मी चारही टेबलावर ओळीने मांडले आणि पाहतच राहिलो.

पहिला गट, काहीच न मिळालेली आमची बायको: उत्तम. दुसरा गट, फक्त दारू पिणारे विमावाले: उत्तम. इतके उत्तम की लॅबवाल्याने खाली समाधानाने बरोबरची खूण केली होती. तिसरा गट, मी: माझ्या मागच्या रिपोर्टपेक्षा खराब. चौथा गट, दारूच्या थेंबाला न शिवलेले आमचे मेहुणे: माझ्याहूनही खराब.

मेहुणे रिपोर्ट बघून खाली बसले. "मी तर तीन वेळा घेत होतो," ते म्हणाले. पाणी मागितलं, आणि गरम नको म्हणाले.

दुसरा कोणी असता तर खचला असता. मी पुन्हा पुन्हा रिपोर्ट पाहिले आणि मला एकदम प्रकाश पडला. आकडे खोटं बोलत नाहीत. नुसती वनस्पती घेणाऱ्याचं लिव्हर सर्वांत खराब. वनस्पतीबरोबर दारू घेणाऱ्याचं त्याहून बरं. नुसती दारू घेणाऱ्याचं ठणठणीत. याचा अर्थ उघड होता. वनस्पतीमुळे होणाऱ्या इजेपासून दारू यकृताचं संरक्षण करते! सगळं जग उलट्या बाजूने तराजू धरून बसलं होतं, आणि ते दाखवून द्यायला माझ्यासारखा निरीक्षक लागला.

चारही रिपोर्ट आणि पुरावा म्हणून विमावाले, असा मी खात्याच्या डॉक्टरांकडे गेलो. सौभाग्यवतीही आली. "मला सर्टिफिकेटवरची सही बघायचीय," ती म्हणाली. तिला बाहेर बाकावर बसवून मी आणि विमावाले आत गेलो.

मी सिद्धांत मांडला. डॉक्टरांनी चारही रिपोर्ट उजेडात धरून पाहिले. मग त्यांनी कुंडीतल्या झाडाचा फोटो मागितला.

"हे कुंपणाला लावतात," ते म्हणाले. "गुरं खात नाहीत म्हणून. तुमच्या मेहुण्यांना आजच माझ्याकडे पाठवा. आणि आधी तो रस बंद करा."

मग त्यांनी विमावाल्यांचा रिपोर्ट उचलला आणि त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही किती घेत होता?"

विमावाले स्वतःच्या बुटांकडे बघू लागले.

"सांगा ना," मी म्हणालो. "माझ्याइतकीच! मापाने मोजून देत होतो मी."

"मी घेतच नव्हतो," विमावाले म्हणाले.

"काय?"

"तुम्ही म्हणालात ना, दुसऱ्या गटातले उंदीर कापून बघितले म्हणून. अहो, मी जन्मभर दुसऱ्यांना मरणाची भीती घालून पोट भरलं. मला स्वतःला कोणी कधी घातलीच नव्हती. त्या दिवशी घरी गेलो आणि जेवण गेलं नाही. त्यानंतर थेंब घेतला नाही मी."

"मग ग्लास रिकामा कसा व्हायचा?"

"कुंडीत," ते म्हणाले. "तुमचं माझ्याकडे लक्ष नसायचं."

 शहरातल्या प्रत्येक दुकानदाराची पावशेराची चोरी पकडणारा मी, माझ्याच बाल्कनीत माझ्याच मापाला हा माणूस रोज फसवत होता! "मला सांगायचंत तरी," मी ओरडलो. "मित्र ना तुम्ही? सोडली म्हणायचं आणि घरी बसायचं!"

"दोनदा ठरवलं होतं," विमावाले म्हणाले. "पण मी आलो नसतो तरी तुम्ही बसलाच असता. मग म्हटलं, निदान कोणीतरी जवळ असावं."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मी उलटून चार शब्द सुनावले असते. मला एकदम फार लाज वाटली, आणि लाज वाटते हे कबूल करायचीही लाज वाटली. डॉक्टरांनी विमावाल्यांना बाहेर जाऊन बसायला सांगितलं. ते दार हळू ओढून गेले.

डॉक्टरांनी नवा कागद घेतला आणि अगदी पहिल्यापासून विचारायला लागले. वय, उंची, वजन. किती दिवसांनी घेता. मी बुधवार, सोमवार सगळं सांगितलं. मध्ये गुरुवारही आला होता, तोही सांगितला.

"सर्टिफिकेट आज देता येणार नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे," मी म्हणालो. ज्युनिअरच्या केबिनचं दार माझ्या डोळ्यांसमोर येऊन गेलं. आश्चर्य म्हणजे त्याचं तेवढं काही वाटलं नाही.

"घेता तेव्हा सोबत कोण असतं? की एकटेच?"

माझं उत्तर तयार होतं. चारचौघांत बसून मोजून घेणारा सभ्य गृहस्थ, हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं होतं की ते ओठावरच होतं. दाराच्या काचेतून विमावाल्यांची पाठ दिसत होती.

"एकटा," मी म्हणालो.

डॉक्टरांनी ते लिहिलं नाही. पेनला टोपण लावलं आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. बाहेर विमावाले सौभाग्यवतींना विचारत होते, "वहिनी, फार वेळ लागतोय. आपण आत जाऊन बघायचं का?"

"नको," ती म्हणाली. "लागू दे वेळ."